नातवंडांच्या गोष्टी कुणाला सांगाव्यात?

"नमस्कार. मी सांगलीची. पोस्टातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मुलगा आणि सून पुण्याला असतात, त्यांची मुलगी साडेचार वर्षांची, आम्ही तिला चिमी म्हणतो. मुलगी कोल्हापूरला, तिचा बाळू अडीच वर्षांचा. या दोघांशिवाय माझ्या तोंडी दुसरा विषय नसतो, हे मला मान्य आहे. गेल्या महिन्यात भिशीत मी चिमीचं काही सांगत होते, तर एक जुनी मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, 'आता जरा दुसरं काही बोलू या का?' मला फार लागलं. तिच्या मुलीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून मूल नाही. घरी आल्यावर मी चिमीच्या फोटोवरून मीठ-मोहरी उतरवली. दुसऱ्याच दिवशी सुनेचा मेसेज, 'आई, चिमीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकत जाऊ नका, प्लीज.' मुलगा काहीच बोलत नाही. आमचे हे म्हणतात, गप्प बसावं. मी खरंच गप्प बसू का? नातवंडांचं कौतुक आजीनं नाही करायचं तर कुणी करायचं?
— एक आजी"

प्रिय आजी,

गप्प बसू नका. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण पत्राच्या सुरावरून मला वाटलं की तुम्ही मनाशी जवळजवळ तसं ठरवूनच टाकलंय.

तुमच्या पत्राची पुढची तीन पानं वर छापलेली नाहीत. त्यांत नुसत्या चिमीच्या आणि बाळूच्या गोष्टी आहेत. त्यांतल्या दोन-तीन मी इथे घेतल्या आहेत, त्याही तुमच्याकरवी तुमच्या सुनेला आणि मुलीला विचारून. एक गोष्ट मुद्दाम घेतलेली नाही, तिच्याबद्दल पुढे बोलू. आधी बाकीच्यांबद्दल बोलू या, कारण त्या वाचताना मला फार आनंद झाला.

मे महिन्यात चिमी तुमच्याकडे आली होती. वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. आजोबा म्हणाले, "गेली वाटतं." अंधारातून चिमीनं विचारलं, "तिच्या आजीकडे गेली का?" साडेचार वर्षांच्या मुलीच्या हिशेबात मे महिन्यात कुणी आणखी कुठे जाणार! आजी, या एका वाक्यात तुमच्या घराबद्दल जेवढं आहे, तेवढं "नातीला माझा फार लळा आहे" असं दहादा सांगूनही कुणाला कळणार नाही.

भिशीत काय बिनसलं ते मला इथेच दिसतं. तुम्हीच लिहिलंय, की त्या दिवशी तुम्ही चिमीला किती इंग्रजी कविता पाठ आहेत, ती शंभरपर्यंत आकडे कशी म्हणते, शाळेतल्या बाई तिचं कसं कौतुक करतात, हे सांगत होतात. ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या मनात त्या क्षणी आपापलं पोर उभं राहिलं असणार: आपल्याला येतं का शंभरपर्यंत? तुमच्या मनात तसं काही नव्हतं, पण अशा बोलण्यात तुलना आपोआप येते. लाईटच्या गोष्टीत कुणाचंच पोर मागे पडत नाही. उलट ऐकणारीला तिच्या घरातलं काहीतरी आठवतं आणि ती सांगू लागते. तिला सांगू द्या, अगदी शेवटपर्यंत. मध्येच "आमच्या चिमीचंही असंच" म्हणून तिच्यावर आपली गोष्ट चढवू नका. आणि एका बैठकीला एकच गोष्ट. बाकीच्या कुठे जात नाहीत.

आता बाळू. "बाबा ऑफिसला जाला," असं तो म्हणतो आणि "गेला म्हण" असं तुम्ही कितीदा सांगितलं तरी पुन्हा "जाला"च म्हणतो. तो चुकीचं बोलायला शिकतोय की काय, अशी काळजी तुम्ही लिहिली आहे. काळजी सोडा, आणि जरा बघा त्यानं काय केलंय ते. तुमच्या घरात, मुलीच्या घरात, शेजारीपाजारी, कुणी तरी "जाला" म्हणतं का? नाही. मग त्यानं ते ऐकलं कुठे? ऐकलंच नाही, त्यानं ते बनवलं. बस, बसला. हस, हसला. उठ, उठला. मग जा, जाला. कुणी न शिकवता, नुसतं ऐकून ऐकून या अडीच वर्षांच्या मुलानं मराठीचा एक नियम शोधून काढला आणि तो जिथे लागू पडत नाही तिथेही लावून पाहिला. "करलं" आणि "देलं" यांचीही जात तीच. जगभरातली मुलं आपापल्या भाषेत असं करतात, आणि मुलांच्या भाषेचा अभ्यास करणारे याला प्रगतीची खूण मानतात. गंमत म्हणजे बरीच मुलं आधी काही दिवस बरोबर "गेला" म्हणतात, नियम सापडल्यावर "जाला"कडे वळतात आणि मग पुन्हा "गेला"वर येतात. तेव्हा त्याला थांबवून दुरुस्त करत बसू नका. "हो रे, गेला बाबा ऑफिसला," एवढं आपलं उत्तर बरोबर द्यावं. तो ऐकत असतोच.

पण हा "जाला" टिकणारा नाही. काही महिन्यांत कधीतरी तो निघून जाईल आणि नेमका कुठल्या दिवशी गेला हे घरात कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की गोष्ट सांगण्याआधी ती लिहा.

चार्ल्स डार्विनचा पहिला मुलगा 1839 च्या डिसेंबरात जन्मला. बाप म्हणून त्याच्याकडे बघता बघता डार्विननं टिपणं ठेवली: बाळ कधी हसलं, कशानं दचकलं, आरशात स्वतःला बघून त्यानं काय केलं. त्या टिपणांवरून त्यानं लेख छापला तो थेट 1877 मध्ये, मुलगा 37 वर्षांचा झाल्यावर. लेखात एक नोंद अशी आहे, की बरोबर एक वर्षाचा असताना मुलानं खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द काढला: "मम". "मंमं कर" म्हणत घास भरवणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ही नोंद स्वतःच्याच स्वयंपाकघरातली वाटेल. इतक्या वर्षांनी ती वापरता आली, याचं कारण त्यानं ती त्या वेळीच, वयासकट लिहून ठेवली होती.

तुम्हीही तेवढंच करा. साधी दोनशे पानी वही पुरे. तारीख, मुलाचं वय, आणि त्यानं वापरले तेच शब्द, न सुधारता. गोष्ट घडली त्याच दिवशी लिहायची. दोन दिवस गेले की आपलं मन नकळत मुलाचं वाक्य नीट करून ठेवतं, आणि चार ठिकाणी सांगून झाली की तिला शेवटी एक टाळीचं वाक्यही चिकटतं, जे मूल कधी बोललंच नव्हतं. मागचं-पुढचंही दोन ओळींत लिहा: पाऊस होता, मेणबत्ती सापडत नव्हती, आजोबा कुठे बसले होते. आजोबांनी तीच गोष्ट वेगळी ऐकली असेल तर त्यांचीही लिहून घ्या. तुम्हाला गप्प बसायला सांगणारे हे गृहस्थ स्वतः दूधवाल्याला नातवाचं काय काय सांगतात, तेही तुम्ही पत्रात लिहिलंच आहे.

लिहायचा आग्रह मी का धरते ते सांगते. मोठ्या माणसांना आपल्या सगळ्यांत जुन्या आठवणी विचारल्या, तर त्या साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या निघतात. त्याआधीचं जवळजवळ काहीच नसतं, आणि नंतरची दोन-तीन वर्षंही तुटक तुटकच आठवतात. म्हणजे बाळूला त्याचं आजचं वय आठवणार नाही. वळवाच्या त्या संध्याकाळचं एखादं चित्र चिमीच्या मनात राहिलं तर राहील, नाहीतर तेही नाही. आई-बाबा बघत असतात, पण नोकरी, डबा, रात्रीचं जागरण या धबडग्यात. आजीला बघायला सवड असते. ही दोघं लहानपणी कशी होती, हे पुढे त्यांना तुमच्याकडूनच कळणार आहे. थोडक्यात, तुम्ही सांगता त्या गोष्टी त्या दोघांच्या आहेत. मोठी होईपर्यंत त्या तुमच्याकडे ठेवायला दिल्यात, असं समजा. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेलं आपण कुणाला दाखवावं आणि कुणाला नाही, हे तुम्हाला कळतं. पोस्टात तुम्ही आयुष्यभर तेच काम केलंत.

म्हणून आता ती न छापलेली गोष्ट. शाळेच्या कार्यक्रमातली. तुम्ही ती दिवाळीत पाहुण्यांसमोर सांगितलीत, चिमी तिथेच होती, सगळे हसले, आणि ती तुमच्या पदराआड गेली ती जेवायला बोलावेपर्यंत बाहेर आली नाही. "इतकी गोड लाजली" असं तुम्ही लिहिलंय. मला ते वाचून वाईट वाटलं. मूल दोन-तीन वर्षांचं झालं की आपल्यावर कुणी हसतंय हे त्याला कळायला लागतं, आणि चिमी तर साडेचार वर्षांची आहे. लाईटच्या प्रश्नाला सगळे हसले तेव्हा तीही हसली होती, हेही तुमच्याच पत्रात आहे. या दोन हसण्यांतला फरक तुम्ही पाहिलाय, फक्त त्याची नोंद घेतलेली नाही. चड्डी ओली होणं, रडून घातलेला गोंधळ, अंधाराची भीती, पकडलं गेलेलं खोटं, "आई जास्त आवडते की बाबा" याला दिलेलं उत्तर, हे सगळं घरातलं आहे. ते वहीतसुद्धा जपून लिहा. एखादी गोष्ट सांगू की नको असा प्रश्न पडला, तर चिमी पंधरा वर्षांची होऊन, तिच्या मैत्रिणींबरोबर समोर बसली आहे अशी कल्पना करा. तेव्हा जी सांगवणार नाही, ती आजही नको. आणि पाहुणे आले की "म्हणून दाखव, करून दाखव" हेही जरा कमी करू या. मूल आपणहून बोलतं ते आणि फर्माईशीवर बोलतं ते, यांत पहिलंच ऐकण्यासारखं असतं.

सुनेचा मेसेज पुन्हा एकदा वाचा. चिमीच्या गोष्टी सांगू नका, असं तिनं लिहिलेलं नाही. व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, एवढंच म्हटलंय. तुम्ही तोंडी सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्या चारजणींपाशी राहते. तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, दीडशेच्या वर माणसं आहेत. त्यांतल्या कितीजणांना तुम्ही समोरासमोर ओळखाल? व्हिडिओत चिमीच्या अंगावर शाळेचा गणवेश असतो, दप्तरावर नाव असतं, मागे सोसायटीचं फाटक दिसतं. एकदा तो कुणी उतरवून घेतला किंवा पुढे पाठवला, की तुम्ही तुमच्याकडून सगळ्यांसाठी डिलीट केला तरी तिथला परत येत नाही. आंघोळ घालतानाचे व्हिडिओ तर कुठेच टाकू नयेत, अगदी सख्ख्या बहिणीलाही पाठवू नयेत. आपल्याकडे 2023 साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी आई-वडिलांची संमती घ्यावी, असं म्हटलंय. घरगुती कारणासाठी फोटो पाठवणाऱ्या आजीला तो कायदा लागू होत नाही. पण मुलाच्या बाबतीत आधी आई-बाबांना विचारावं, ही अपेक्षा जिथे कायदा मोठमोठ्या कंपन्यांकडून करतो, तिथे सुनेनं ती घरात केली तर त्यात तुमचा अपमान नाही.

तिला मेसेजनं उत्तर देऊ नका, फोन करा. "तुझं बरोबर आहे. काय टाकलेलं चालेल आणि काय नाही ते मला नीट सांग," असं म्हणा आणि ती सांगेल ते ऐका. कदाचित ती म्हणेल, घरातल्या सात-आठजणांचा वेगळा ग्रुप करू, तिथे हवं ते टाका. जुने व्हिडिओ जिथे जिथे टाकलेत तिथून काढता येतील तेवढे काढा, आणि काढले हे तिला आपणहून सांगा. मुलाशीही बोला. अशा वेळी निर्णय बहुतेकदा दोघांचा असतो, मेसेज मात्र सून पाठवते आणि वाईटही तीच ठरते. "तू काहीच बोलला नाहीस" असा ठपका ठेवण्यापेक्षा "तुलाही असंच वाटतं का?" असं विचारून बघा.

आता तुमची मैत्रीण. इथे मी जरा स्पष्ट लिहिते. ती मीठ-मोहरी तुम्ही उतरवायला नको होती. लहान मूल बाहेरून आलं की दृष्ट काढावी, ही आपल्या घरांतली मायेची रीत आहे, तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्या दिवशी तुम्ही ती एका ओळखीच्या चेहऱ्यावर काढलीत, ज्या बाईबरोबर तुमची तीस वर्षांची ऊठबस आहे. नऊ वर्षं तिची मुलगी दवाखान्यांच्या पायऱ्या चढत असेल, प्रत्येक सणाला कुणीतरी "काही विशेष?" म्हणून विचारत असेल, आणि ते सगळं ही आई रोज गिळत असेल. त्या दुपारी तिला तुमच्या चिमीचं वाईट वाटलं नाही, तिला स्वतःचं सहन झालं नाही. तिचं बोलणं तुम्हाला लागलं हे खरं आहे, आणि ते सगळ्यांसमोर व्हायला नको होतं हेही खरं. तरीही आधी तुम्हीच तिच्या घरी जा. चिमीचा विषय काढू नका आणि तिच्या मुलीला मूल का नाही हेही विचारू नका. "त्या दिवशी मी फार बोलले," एवढं म्हणा आणि मुलगी कशी आहे ते विचारा: तिचं काम, तिचं घर, तब्येत. तिच्याही मुलीच्या लहानपणच्या गोष्टी असतील, कदाचित कित्येक वर्षांत त्या कुणी ऐकल्या नसतील. भिशीतही यापुढे ती असताना चिमी-बाळूंचा विषय तुम्ही होऊन काढू नका. तिनंच विचारलं तर मोकळेपणानं सांगा. ती विचारेल असं मला वाटतं. पण कधी, ते तिचं तिला ठरवू द्या.

मग सांगायचं कुणाला? आजी, तुमच्या एवढ्या लांब पत्रात एका बाईचा उल्लेखच नाही: चिमीच्या दुसऱ्या आजीचा. चिमीनं शिंकलेलंही ज्यांना ऐकायला आवडेल, अशी माणसं जगात मोजकीच आहेत आणि विहीणबाई त्यांतल्या एक. मानपान, आहेर, कोण कुणाकडे किती दिवस राहिलं, यात विहिणींचं बोलणं अडकून पडतं आणि दोघींकडे अर्धी अर्धी चिमी राहते. तुमच्याकडे अंगणात खेळणारी चिमी आहे, त्यांच्याकडे कदाचित वेगळीच, हट्टी किंवा अगदी शांत. त्यांना फोन करा. बाळूच्या बाबतीत त्याच्या वडिलांच्या आईलाही.

आणि सगळ्यांत जास्त सांगा ते त्या दोघांनाच. तीन-चार वर्षांच्या मुलांना स्वतःच्या लहानपणाची गोष्ट ऐकायला इतकी आवडते, की तीच तीच पुन्हा सांगावी लागते आणि एक शब्द बदलला तर ती आपल्याला पकडतात. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "शाळेत काय शिकवलं, ए फॉर काय" हे विचारण्याऐवजी "तू एकदा लाईटबद्दल काय विचारलं होतंस, माहितेय?" असं सुरू करा. मध्ये थांबा. "मग काय झालं? कोण होतं तिथे?" असं विचारा आणि तिला भर घालू द्या. मोठ्यांनी असे मोकळे प्रश्न विचारत आठवणी जागवल्या, तर मुलांची भाषा आणि आठवून सांगण्याची ताकद वाढते, असं या विषयावरच्या संशोधनात दिसलं आहे.

जोडीला तिच्या बाबाच्या गोष्टी सांगा, आणि तुमच्या स्वतःच्या. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी 20 प्रश्न तयार केले होते: तुझे आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबा एकमेकांना कसे भेटले, घरावर कधी कुठलं संकट आलं होतं, असे. ज्या मुलांना घरातलं असं जास्त ठाऊक होतं, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त असल्याचं त्यांना आढळलं. याचा अर्थ उत्तरं पाठ करून घ्यावीत असा नाही, हे त्यांनीच सांगितलंय. ती माहिती ज्या बसण्याबोलण्यातून मुलांपर्यंत येते, त्याला महत्त्व आहे. चिमीला ठाऊक आहे का, की तिची आजी पोस्टाच्या खिडकीमागे बसायची? कृष्णेला पूर आला तेव्हा तुम्ही घरातलं काय आधी माळ्यावर चढवलंत? तिचा बाबा शाळा चुकवून आमराईत जाऊन बसला होता, हे तुम्ही मला लिहिलंत, तिला सांगितलंत का? ती गोष्ट सांगायला बाबाची परवानगी तेवढी घ्या. तीही त्याचीच गोष्ट आहे.

वहीचं एक राहिलं. फक्त डाव्या पानावर लिहा, उजवं कोरं ठेवा. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा वही आधी सुनेच्या हातात द्या. तिला एखादी नोंद नको वाटली तर ती फाडायची मुभा द्या, आणि कोऱ्या पानांवर तिला काही लिहावंसं वाटलं तर लिहू द्या. बाळूची वेगळी वही करा, नाहीतर पुढे दोघांत वाटणी कशी करायची हा प्रश्न येईल. त्याची पहिली नोंद आज रात्रीच करा: "जाला", वय अडीच वर्षं, आणि आजची तारीख.